तान्ह्या पोराला घेऊन समिंदरावर

आधीच सांगते, माझी झोप झालेली न्हाई. समिंदरावरनं घरी आल्यापासनं मी रातची पाठ टेकली न्हाई, पोराजवळ बसून असते. डोळा लागला की आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, उठतील न माझ्या गणूच्या तोंडात आणखी पळी घालतील, ह्या भ्यानं. तवा अक्षार वाकडं आलं तर बाईंनी समजून घ्यावं.

जायच्या आधी बाई आमच्या बायकांच्या लिहाय-वाचायच्या वर्गात म्हणाल्या व्हत्या, "आपल्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नाही. तू जाते आहेस तर आल्यावर सगळं लिहून दे. भिंतीवर लावू. कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल." म्हणून लिहिते. आत्याबाई समोरच गहू निवडत बसल्यात. त्यांना वाचता येत न्हाई. मघाशी म्हणाल्या, "देवळाचं लिही गं. मासळीचं मातूर नको, माळकऱ्यांच्या बाया वाचत्याल."

जायचं ठरलं ते असं. ह्यांच्या कारखान्यात सावळाराम म्हणून कोकणातला गडी हाय. अलिबागच्या खाली वाडीत त्याचं घर. तो सारखा म्हणायचा, चला, समिंदर दावतो. घरात कुणी मनावर घेत नव्हतं. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंची दोन लेकरं दात यायच्या आधीच गेली. गणूला पाचवा महिना लागला तशी आत्याबाईंची झोप उडाली. कुठनंतरी त्यांनी ऐकलं की समद्या नद्या समिंदरात जात्यात, म्हंजी समद्या तीर्थांचं पाणी तिथंच. म्हणाल्या, "काशी आपल्याच्यानं व्हत न्हाई. समिंदर तर घाटाखाली हाय. माझ्या नातवाला मी तीर्थ पाजणार." मामंजी म्हणाले, "चला, हवापालट बी व्हईल." वैशाखात कारखान्याला सुट्टी पडली न आमी निघालो. आत्याबाई, मामंजी, दीर, जाऊबाई, हे, मी न गणू.

जायचं असंल त्यांनी चिंचवडहून सकाळची पॅशिंजर धरावी. लोणावळ्याला उतरून एष्टी. घाटात पोटात ढवळतं, लिंबू जवळ ठेवा, खिडकी म्हाताऱ्यांना द्या. मांडीवरच्या लेकराला तिकीट न्हाई. पेणला गाडी लई वेळ थांबती, तिथं पोहे चांगले मिळत्यात. मधी एक खाडी तरीतनं वलांडावी लागती. तरीत बसल्यावर जाऊबाईंनी डोळं गच्च मिटून घेतलं ते पल्याड लागेपतूर उघडलं न्हाईत. दीर म्हणाले, "आता समिंदर कसा बघशील?" तर म्हणाल्या, "तो काय माझ्याखाली असणार हाय का?"

समिंदर आधी दिसत न्हाई, ऐकू येतो. माडांच्या मागनं कुणीतरी मोठं सूप पाखडावं तसा. मग एकदम म्होरं काहीच न्हाई. नुसतं पाणी. मी गणूला छातीशी धरलं. आपल्याकडं कुठं बी बघा, शेवटाला डोंगर दिसतो. हितं शेवटच न्हाई. मला आवडला का, तर न्हाई सांगता येत. पाय आपसूक मागं आलं.

मामंजींनी पायताण वाळूत काढून ठेवलं न पाण्याला नमस्कार कराय म्होरं गेलं. मागं वळून बघत्यात तर पायताण न्हाई. म्हणाले, "मी ह्याच्या पाया पडतोय न ह्यो माझ्याच पायातलं नेतोय!" समदी हसलो. आत्याबाई बी हसल्या. तवा त्या लई चांगल्या दिसत व्हत्या. पाणी चढतं न उतरतं हे आमाला ठावंच नव्हतं. तुमी जाल तवा सामान वर माडाखाली ठेवा.

सावळारामचं घर माडाच्या झावळ्यांचं, गार. त्याच्या आईनं तांदळाची भाकरी न माशाचं कालवण केलं. (आत्याबाई, माफ करा, पण खरं ते लिहावं.) खायाला काही कमी न्हाई. प्यायच्या पाण्याची मातूर बोंब. एकच विहीर गोड्या पाण्याची, ती बी लांब.

दुसऱ्या दिवशी पहाटं आमी समदी पाण्यावर गेलो. ह्यांनी गणूचं पाय लाटंत बुडवलं. फेस पायाला लागला तसा गणू खळखळून हसला. पहिल्यांदाच असा आवाज काढला त्यानं. मग आत्याबाईंनी पदराआडनं पळी काढली. पाच पळ्या पाजल्या, पाच नद्यांच्या नावानं. गणूनं तोंड वाकडं केलं, थुंकलं. त्यांनी गालाला बोट लावून परत पाजलं.

सावळारामची आई मागनं आली. म्हणाली, "अगो बाय, खारा पानी पोराला कनाला?"

आत्याबाई म्हणाल्या, "पाणी न्हाई, तीर्थ हाय."

"आमी जल्मलो हितं, कुणी पीत न्हाय."

"म्हणूनच तुमाला किंमत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या न दोन बाटल्या भरून घेतल्या. त्यावर ती बया आमच्याशी बोलली न्हाई, भाकरी मातूर वाढत राह्यली.

मग रोजच सकाळ-संध्याकाळ पाच पळ्या. गणूला पातळ व्हायला लागलं. सारखा छातीला लागायचा, सोडायचाच न्हाई, न सोडला की किरकिर. मला वाटलं उन्हाचं आसंल. एक दिवस आत्याबाई न मामंजी डोंगरावरच्या देवळाला गेले, रातीलाच आले. त्या दिवशी तीर्थ राह्यलं. गणू संध्याकाळी माझ्या मांडीवर पाय झाडत खेळला. दुसऱ्या दिवशी परत पळी न परत तेच. तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला.

मी ह्यांना माडाखाली एकटं गाठलं. म्हणले, "त्या पाण्यानं व्हतंय. आत्याबाईंना सांगा."

हे म्हणाले, "आई काय वैरीण हाय का त्याची?"

न्हाई. वैरीण न्हाई. तेच तर अवघड हाय. वैरीण असती तर मी भांडले असते.

परतीच्या एष्टीत गणूनं दोनदा वकलं. घाट चढताना त्याची टाळू बघितली तर बोट बुडंल एवढी खोल. मी दवाखाना म्हणले. आत्याबाई म्हणाल्या, "दवाखान्यात दोन नेली. दोन्ही फडक्यात गुंडाळून आणली. तिसरं मी देणार न्हाई." सगळी एष्टी ऐकत व्हती. जाऊबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. घरी आल्यावर चुलीम्होरं मला हळूच म्हणाल्या, "लई उशिरा नेली व्हती गं. मी बी गप बसले व्हते."

आता घरी आलोय. लुगड्याला अजून खारा वास हाय, गोधडी झटकली की वाळू पडती. जाऊबाईंनी शिंपले धुऊन कोनाड्यात मांडल्यात. आळीतल्या बाया येत्यात, समिंदर कसा असतो विचारत्यात, आत्याबाई हात पसरून दावत्यात. मला विचारलं तर काय सांगू. गणूचं ते हसणं सांगावं वाटतं, पण त्याच्या म्होरचं लगेच आठवतं.

मी एक केलं. आत्याबाई न्हाणीत गेल्या तवा बाटली वतली न आडाचं पाणी भरलं. वाटलं, सुटलं लेकरू. पण त्या पाजायच्या आधी स्वताच्या जिभेला लावून बघत्यात. लावलं न त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "गोडं झालं! देव रुसला आपल्यावर." माझा संशय बी आला न्हाई त्यांना. दुसरी बाटली उघडली न देवाची समजूत काढाय म्हणून पाचाच्या दहा पळ्या केल्या. ती बाटली आता त्या कमरेच्या पिशवीत ठेवत्यात. माझ्या हातानं माझ्या पोराचं दुप्पट झालं.

कुणी म्हणंल, ऊठ न पोर घेऊन चालायला लाग. एकदा दारापतूर गेले. ह्यांनी हात धरला. म्हणाले, "सून एकली पोर घेऊन निघाली तर लोक काय म्हणतील? पळून गेली म्हणतील." पण भाऊ मुराळी म्हणून, माहेरी न्यायला, दारात आला तर आमच्या घरात त्याला न्हाई म्हणत न्हाईत. मामंजींनी आजपतूर एकाही मुराळ्याला रिकामं लावलं न्हाई. पाट मांडत्यात, गूळपाणी देत्यात न सून त्याच्यासंगं धाडत्यात. माझा भाऊ आला तर माझी वाट उघडती, न वाटंत दवाखाना हाय.

गणू आता रडत न्हाई. नुसता पडून हाय, डोळं अर्धे उघडे. रडायचा तवा बरं व्हतं. आत्याबाई म्हणत्यात, बघ, तीर्थानं शांत झालं.

जास्त लिहीत न्हाई. शेजारची यमुना वर्गाला निघालीय, तिच्याकडं कागद देते. ह्यो कागद आधी बाईंच्या हाती पडंल का आणखी कुणाच्या, मला ठावं न्हाई. ज्या कुणाच्या हाती पडंल तिनं भिंतीवर लावायची वाट बघू नका. आमच्या घरी येऊन बोलू बी नका, त्यानं दार बंद व्हईल. पोस्टात फोन हाय. माझा भाऊ दत्तू देहूरोडला वर्कशॉपात फिटर हाय, तिथं फोन लावून दत्तू फिटर म्हणलं की बोलावत्यात. पोराचं काही सांगू नका, न्हाईतर तो भांडायच्या तयारीनं येईल न समदं बिघडंल. एवढंच सांगा, गोदीनं माहेरी न्यायला बोलावलंय. साखर-खोबरं घेऊन ये, मुराळी म्हणून ये, दारात हसून बोल. आन आजच ये. मला फोन कसा करत्यात ते येत न्हाई. तुमी करा.