पाच चुका आणि लाल पाटी

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. शिक्षण चौथीपर्यंत, पण हरिहरेश्वरात पाहुण्यांसाठी पाच खोल्या मी स्वतः उभ्या केल्या. पुढे त्यांची वेबसाइट झाली, तेव्हा तिचा मालकही मीच, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या घरात वडिलांपासूनची एक रीत. कामाचा माणूस सोडून गेला तर चावी परत मागायची नाही, त्याचा अपमान होतो. गुपचूप कुलूप बदलायचं. साइट बनवून चार वर्षं बुकिंग सांभाळणारा माणूस म्हसळ्याला नोकरीला लागला, त्या रविवारी मी कोठीचं कुलूप बदललं आणि साइटचा पासवर्डही. फोनवर, एका बोटाने. नवा पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिला आणि कुणाला बोललो नाही. सुनेने बजावलं होतं, "बाबा, साइटला हात लावू नका." म्हणून तर लावला.

गुरुवारी दुपारी तळमजल्याच्या खोलीतला पाइप फुटला आणि प्लंबरने फरशी उखडली. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत नाशिकची एक बाई आईला घेऊन उतरणार होती. आई चाकांच्या खुर्चीत, बरोबर वडिलांच्या अस्थी. बाकी चारही खोल्या वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. पहाटे चारला निघू, असं तिने बुकिंग करताना लिहिलं होतं. तिचा फोन नंबर फक्त साइटच्या आत.

"आत्ता कळवते," म्हणत सून लॅपटॉप घेऊन ओटीवर बसली.

लॅपटॉपने साठवलेला पासवर्ड आपणहून भरला, नुसते काळे ठिपके. तिने बटण दाबलं. चुकीचा. परत दाबलं, परत चुकीचा. तिसऱ्यांदाही तेच. "असं कसं?" म्हणाली. मी शेजारी सुपारी कातरत होतो. मला ठाऊक होतं असं कसं ते. सांगावं, असं मनात आलं आणि मी सुपारीच कातरत राहिलो. शेवटच्या दोन वेळा तिने हाताने लिहिला, तोही जुनाच. पाचव्या वेळी लाल पाटी आली : चोवीस तासांनी प्रयत्न करा.

मी काही घाबरलो नाही. खरा पासवर्ड माझ्याकडे होता. आत जाऊन कॅलेंडर उलटं केलं, माझ्या फोनवर साइट उघडली. पासवर्ड घालायच्या आधीच तीच लाल पाटी. तेव्हा मात्र कॅलेंडर हातात धरूनच ओटीवर आलो.

"पासवर्ड मी बदललाय."

"कधी?"

"रविवारी."

"आणि मी मघापासून दाबतेय, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"सुपारी कातरत व्हतो."

तिने म्हसळ्याला फोन लावला आणि मला ऐकू जाईल असा मध्ये ठेवला.

"वहिनी, साइटवर मी एक राखणदार बसवलाय," तो म्हणाला. "प्लगइन म्हणतात. पाच चुका झाल्या की तो माणूस बघत नाही, तुमच्या घरचं अख्खं नेट अडवतो. घरच्या वायफायवर खरा पासवर्डही चालणार नाही. बाहेर जा, फोनचं स्वतःचं नेट येईल तिथे. आणि जुना साठवलेला पासवर्ड आधी पुसा, नाहीतर तोच परत भरला जाईल." मग विचारलं, "बदलला कुणी?"

"मी," मी म्हटलं.

"बरं केलंत काका. मी गेल्यावर बदलायलाच हवा होता. फक्त वहिनींना सांगायचं."

हे मला लागलं. चिडला असता तर मी दोन शब्द सुनावले असते.

आमच्या वाडीत बोलण्यापुरती रेंज येते, नेट येत नाही. सुनेच्या स्कूटरवर मागे बसून, काखेत कॅलेंडर धरून, मी चढावाच्या माथ्यापर्यंत गेलो. साडेपाच झाले होते. वारा कॅलेंडर फडफडवत होता. तिने आपल्या फोनमधला जुना पासवर्ड पुसला, मी नवा वाचायला लागलो, तेवढ्यात तिचं बोट खालच्या पट्टीवर पडलं आणि जुनाच भरून पाठवला गेला. आणखी एका जागी साठलेला राहिला होता.

"एक गेला," ती म्हणाली. "चार राहिले. आता एकेक अक्षर, सावकाश."

मी वाचलं. माझ्या पहिल्या होडीचा नंबर होता तो. साइट उघडली.

नाशिकचा फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा बाईने घेतला. "आईचे कपडे भरत होते," म्हणाली. सुनेच्या हातातून मी फोन घेतला.

"बाई, उद्या निघू नका. खालच्या खोलीची फरशी उखडलीय."

"आईला जिना चढता येत नाही हो."

"म्हणूनच सांगतोय. सोमवारी या. फरशी बसवून ठेवतो."

ती पलीकडे आईशी काहीतरी बोलली. मग, "बरं झालं, निघायच्या आधी कळवलंत."

उतारावर सून म्हणाली, "आता पासवर्ड मी बदलणार."

"बदल."

"आणि तुम्हाला सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी कोठीचं नवं कुलूप काढलं. जुनं पेटीतून शोधलं, खोबरेल तेलाचे दोन थेंब घातले आणि परत दाराला लावलं. त्याची दुसरी चावी अजून म्हसळ्यालाच होती.