हाजिराच्या कपाळावरचं कुंकू

माझं तोंड मोठं आणि हात त्याहून लांब, असं आमचे हे म्हणायचे. तोंडाचं जाऊ द्या. हातानं केलेली एक चूक सांगते.

बेंगळूरच्या यशवंतपुरात आमच्या भिंतीला लागून खादरसाबांचं घर. अगरबत्त्या वळायचा धंदा. बायको गेलेली, घरात ते आणि मुलगी हाजिरा. माणूस सचोटीचा, पण धर्माला कडक म्हणजे किती कडक! घरात कुणाचं चित्र म्हणून नको. वर्तमानपत्र आलं की आधी त्यातल्या माणसांची तोंडं अगरबत्तीच्या काळ्या मसाल्यानं पुसायचे, मग वाचायचे. हाजिराची शाळा सातवीनंतर बंद. बाहेर पडायची ती पडदा लावलेल्या घोडागाडीतून, वर्षातून चारदा.

परसातल्या भिंतीवरून ती माझ्याशी बोलायची. एका जागी उभी राहील तर शपथ! बोलता बोलता वळलेली काडी मोडायची, पुन्हा वळायची. "राजक्का, मल्लेश्वरम गए थे? पैदल? अकेले?" रोज हेच. ऐकून माझाच जीव खालीवर व्हायचा.

बासष्ट साली जवळच्या घड्याळांच्या कारखान्यात मुली घ्यायला लागले. सातवी पास, नजर चांगली, बोटं हलकी, बस्स. अय्यो, हाजिरासारखी बोटं अख्ख्या बेंगळूरात नव्हती! अर्ज मीच आणला. मुलाखतीला येताना त्यावर फोटो चिकटवून आणायचा होता, आणि या पोरीचा जन्मात एक फोटो नव्हता.

"अब्बा मारेंगे," ती म्हणाली. आणि लगेच, "कब जाना, अक्का?"

खादरसाब जुम्म्याच्या नमाजाला गेले तशी मी तिला मल्लेश्वरमच्या स्टुडिओत नेलं. बुरखा काढून खुर्चीवर बसली खरी, पण बूड टेकेना. फोटोवाला सारखा "स्वल्प हलू नका अम्मा" म्हणत होता. एकदाचा फोटो निघाला. ती पडद्याआड बुरखा घालायला गेली आणि माझ्या मनात आलं, एवढी देखणी पोर आणि कपाळ पांढरं! आमच्यात मोकळं कपाळ अभद्र. त्या काळी फोटोवाले ब्रशनं कुंकू रंगवून द्यायचे. मी हळूच सांगितलं, "एक टिकली काढा हो."

तीन प्रती झाल्या. एक मी हौसेनं ठेवून घेतली. दोन पाकिटात घालून भिंतीवरून दिल्या. घरात उघडायची भीती म्हणून तिनं पाकीट तसंच मसाल्याच्या डब्यामागं लपवलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते खादरसाबांच्या हाती लागलं. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. ते ओरडलेसुद्धा नाहीत. "किसने बनाया तुझे हिंदू?" एवढंच विचारत राहिले. तिला बिचारीला काय माहीत? पुढच्या जुम्म्याला कोलारच्या आतेभावाशी तिचा निकाह लावायचं त्यांनी ठरवून टाकलं.

सकाळी हाजिरा माझ्या दारात. बुरखा नाही, पायात चप्पल नाही. एक फोटो बापानं फाडला होता, दुसरा तिच्या मुठीत. "अक्का, ब्लेड देव."

"अगं, मी मायेनं गं..." म्हणत मी ब्लेड तिच्या हातात ठेवलं.

"मालूम है." ती कपाळावरचं कुंकू खरवडत होती. "अब्बा चेहरे मिटाते, तुमे रंगाते. मेरा चेहरा मेरे पास रैने देव ना, अक्का."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. लाज वाटली, रागही आला; एवढं करून वर हे ऐकायचं? पण माझ्या वहाणा तिच्या पायात घातल्या आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले.

नोकरी लागली. मुलींच्या वसतिगृहात राहिली. बापानं तिचं नाव टाकलं. ओळखपत्रावर तिच्या कपाळाशी पांढरा ओरखडा होता, तो दिसला की माझी नजर खाली जायची. मला भेटायला आली की नमाज पढतेस का विचारलं, तर "दिल हुआ तो." आमच्या देवळात येतेस? "दिल हुआ तो." आणि चहा अर्धा टाकून उठायची. सदुसष्टात ती चांगली नोकरी सोडून मद्रासला गेली. का, तर समुद्राजवळ राहून बघायचंय! पत्ता कळवते म्हणाली. महिना गेला, पत्र नाही.

आणि एका दुपारी खादरसाब दारात. पाच वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"राजक्का," खाली बघत म्हणाले, "उसका फोटो है क्या?"

माझ्याकडची प्रत दिली, कुंकवाची. दारातच उभे राहून किती वेळ बघत होते.

"ये निकलता क्या?"

मी ब्लेड आणून दिलं. त्यांनी ते कपाळापाशी नेलं. मागं घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा मागं घेतलं.

"नक्को," म्हणाले. "चेहरे को लगेगा."

मग मीच उंबऱ्यावर बसले आणि ते कुंकू हळूहळू खरवडून काढलं.