राहुलची चीनमधली तपासणी, तात्यापाऱ्यातून

आमच्या घरात पासपोर्ट एकाकडेच आहे, माझ्या धाकट्या भावाकडे, राहुलकडे. बाकीचे आम्ही नागपूरला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशीपासून डबे बांधणारे लोक. तरीही चीनमधल्या एका दवाखान्याचे इतके किस्से आमच्याकडे साठलेत, की पाहुणे आले की आई चहा ठेवते आणि बाबा सुरू होतात. मी शाळेत शिकवते, त्यामुळे कोण किती वाढवून सांगतंय ते मला लगेच कळतं. म्हणून यावेळी मीच सांगते. वाढवलेलं काही नाही, कारण तशी गरजच पडली नाही.

राहुल पाच वर्षांपासून चीनमधल्या एका लहानशा शहरात, यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. मागच्या वर्षी त्याच्या गळ्यात गाठ निघाली. पठ्ठ्याने शेजारच्या मोठ्या शहरात जाऊन ऑपरेशन करून घेतलं आणि सगळं उरकल्यावर आम्हाला कळवलं. गाठ साधी नव्हती. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन लावून म्हणाली, "आता पुढच्या टायमाले दवाखान्याच्या गेटापासून फोन चालू ठेवजो. मले सगळं दिसलं पाहिजे."

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तो ट्रेनने तपासणीला जातो, आणि इकडे हिंदी मुलुखात, तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर फोन उभा करून आम्हीही त्याच्याबरोबर जातो. आई, बाबा, मी आणि फोन सांभाळायला माझी लेक सोनू. मी सांगतेय ती तपासणी वर्ष पूर्ण झाल्याची होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की काही निघालं नाही तर आता वर्षातून एकदाच यायचं, आणि निघालं तर पुन्हा ऑपरेशन. त्यामुळे त्या दिवशी हसायच्या मूडमध्ये कोणीच नव्हतं. तरी जे झालं ते झालं.

*

सुरुवात रक्ताच्या तपासणीपासून. ती उपाशीपोटी द्यायची असते. आईचा नियम असा की पोट्टा उपाशी तर मायही उपाशी. आदल्या रात्री तिने जेवण लवकर आटोपलं आणि जाहीर केलं, "त्याचा चहा झाल्याशिवाय मी चहा घेनार नाही."

चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रक्त द्यायची त्याची वेळ म्हणजे आपले पहाटेचे पाच. तेवढ्यासाठी आम्हाला उठवू नये म्हणून राहुलने फोन लावला नाही. नऊ वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई सोफ्यावर डोक्याला हात लावून बसली होती, आणि पडद्यावर राहुल नूडल्सचा मोठा वाडगा पुढे घेऊन बसला होता.

"अरे, तू जेवून राहिला?"

"मग काय. रक्त देऊन चार तास झाले. नाश्ताही झाला माझा. मी तवाच बाबांले मेसेज टाकला ना."

आम्ही सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले. त्यांच्यासमोर रिकामी कपबशी होती आणि बशीत बिस्किटाचा चुरा होता.

"तुम्हाले माहीत होतं?" आई म्हणाली.

"हो. साडेपाचलेच समजलं."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

बाबा शांतपणे म्हणाले, "तू विचारलं कुठं?"

*

पुढे सोनोग्राफी. तिथे दाराबाहेर एक मोठा स्क्रीन असतो आणि त्यावर आत गेलेला नंबर दिसतो. राहुलचा नंबर होता शहाऐंशी. स्क्रीनवर होता एकतीस.

बाबांनी लगेच चष्मा लावला आणि कॅलेंडरमागे अडकवलेली पेन्सिल काढली. राहुलला फोन स्क्रीनकडे धरायला लावून दहा मिनिटं निरीक्षण केलं. दहा मिनिटांत तीन पेशंट आत गेले. बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशोब मांडला आणि निकाल दिला, "तीन तास आहेत. इथं बसून काय करतो? जा, खाली फिरून ये."

राहुल कारखान्यात साठ लोकांना कामाला लावतो म्हणे, पण बाबांसमोर अजून सातवीतला. तो गेला. खाली बागेत म्हातारी माणसं हळूहळू हात हलवत व्यायाम करत होती, ते आम्हाला दाखवलं. आईने त्याला दोन झाडांची नावं विचारली, त्याला आली नाहीत. पाऊण तासाने वर आला तर स्क्रीनवर एक्याण्णव! जेवणाची सुट्टी संपली होती आणि सोनोग्राफीच्या आणखी चार खोल्या सुरू झाल्या होत्या.

मला वाटलं, बाबा आता ओशाळतील. बाबांनी घड्याळ पाहिलं, वर्तमानपत्र पाहिलं आणि म्हणाले, "टायमाच्या आधी गाडी सोडली त्यांनी. हे नियमात बसत नाही. तिथं तक्रार पुस्तिका असंन, माग."

*

ज्यांचा नंबर हुकतो त्यांना नर्स नंतर नावाने बोलावते. त्यामुळे राहुल बाकावर वाट बघत बसला. शेजारी सत्तरीच्या एक आजीबाई होत्या. त्यांनी आधी वाकून फोनमध्ये पाहिलं, मग फोनच राहुलच्या हातातून घेतला आणि आमचा अख्खा हॉल न्याहाळला.

आईला पाहुणा दिसला की राहवत नाही. तिने उठून बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा डबा आणला आणि एक ठेठरी कॅमेऱ्यासमोर धरली. आजीबाईंनी मान डोलावली आणि आपला थर्मास दाखवला. झाकण उघडून वाफही दाखवली. मग त्यांचं लक्ष राहुलच्या हातातल्या थंड पाण्याच्या बाटलीकडे गेलं. त्यांनी ती बाटली हिसकावली, त्याच्या गळ्यावरच्या टाक्याच्या खुणेकडे बोट केलं आणि जे काही बोलायला लागल्या, त्या थांबेनात.

"हेच," आई सोफ्यावरून पुढे सरकली, "हेच मी किती दिवसांपासून सांगून राहिली. थंड पानी पिऊ नको. बोला बाई, तुम्हीच बोला. माह्यं ऐकत नाही तो."

एक चिनी भाषेत बोलत होती, एक आमच्या मराठीत. पाच मिनिटं दोघींनी मिळून त्याला झापलं. मध्ये एकीचा श्वास संपला की दुसरी सुरू करायची. शेवटी राहुलने थर्मासच्या झाकणातलं गरम पाणी मुकाट्याने पिऊन टाकलं.

आईने समाधानाने हात जोडले आणि तिच्या सवयीने म्हणाली, "नमो बुद्धाय." आजीबाईंनी थर्मास बाजूला ठेवला. मग त्यांनीही हात जोडले, डोळे मिटले आणि बुद्धाचंच त्यांच्याकडचं नाव घेतलं.

"नानी की फ्रेंड बन गई," सोनू म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

*

तेवढ्यात सोनोग्राफीचं दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. तिच्या हातातल्या कागदावर पासपोर्टवरचं पूर्ण नाव होतं. आपल्या पद्धतीप्रमाणे त्यात वडिलांचंही नाव आलंच. रामटेके राहुल वामन. पहिले दोन शब्द तिने मनातल्या मनात करून पाहिले असावेत. तिसरा जमण्यासारखा वाटला. तिने गळा साफ केला आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "वामन!"

"हजर," बाबा म्हणाले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

आवाज फोनमधून आला म्हणून नर्स राहुलजवळ आली. तिने फोनमध्ये पाहिलं. पांढऱ्या मिशा, बनियन, खांद्यावर टॉवेल. कागदावर वय अडतीस. ती कागद बघते, बाबांना बघते, पुन्हा कागद बघते. बाबा नर्ससमोर सावधान उभे.

आई म्हणाली, "आता नाव पुकारलंच आहे तर जाऊन या. गाठ नाही तर नाही, गुडघे तरी दाखवा."

*

सोनोग्राफी झाली. तिथे रिपोर्ट डॉक्टरच्या हातून मिळत नाही, पासपोर्ट लावला की भिंतीतल्या मशीनमधून बाहेर येतो. राहुलने दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवले आणि डॉक्टरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रिपोर्ट सगळे चिनीत. पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे बाण होता. वर जाणारा.

बाण कोणत्याही भाषेत बाणच. आईने तो पाहिला आणि ती उठून देवळीतल्या बुद्धमूर्तीसमोर जाऊन बसली. बाबा खाली गेले आणि धुतलेली स्कूटर पुन्हा पुसायला लागले. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. राहुल माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय. मी त्या बाणाकडे बघत होते आणि मला बाकी काही दिसत नव्हतं. सोनू म्हणाली, "मम्मी, ट्रान्सलेट कर लूँ?" मी म्हटलं, नको. डॉक्टर सांगतील तेच ऐकू.

खाली साहू भैयांचं फोटोकॉपीचं दुकान आहे. बाबा एकच स्कूटर दुसऱ्यांदा पुसताना दिसले म्हणून ते वर आले. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी गंभीरपणे पाहिला, म्हणाले, "दीदी, मुझे भेजो," आणि खाली गेले. दहा मिनिटांनी एक भलामोठा कागद घेऊन वर आले. पूर्ण रिपोर्ट टेबलभर मोठा करून आणला होता. एकेक चिनी अक्षर लिंबाएवढं, आणि बाण तर वीतभर.

"भैया, हे काय?"

"छोटा था ना, इसलिए समझ में नहीं आ रहा था।"

आम्ही चौघं त्या कागदाभोवती उभे राहिलो. बाबाही वर आले होते. बराच वेळ सगळ्यांनी वाचल्यासारखं केलं. शेवटी साहू भैयांनीच मान हलवली.

"हव, अब भी नहीं आ रहा।"

आई देवळीपाशी होती. ती तिथूनच हसली. त्या दिवशी पहिल्यांदा.

*

दुपारी एकच्या सुमाराला राहुल डॉक्टरांच्या खोलीत गेला. तिथल्या खोलीला दार असतं, पण ते लावायची पद्धत नाही. पुढचे सात-आठ पेशंट डॉक्टरांच्या टेबलाला टेकूनच उभे असतात आणि एकमेकांचे रिपोर्ट वाचतात. आमचे डॉक्टर पन्नाशीचे, बारीक, आणि कमालीचे कमी बोलणारे. वर्षभरात त्यांची मोजून दहा वाक्यं आम्ही ऐकली असतील.

त्यांनी कॉम्प्युटरवर सोनोग्राफी पाहिली. पुन्हा पाहिली. राहुलच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी हात लावून पाहिलं. मग म्हणाले, "घरचं कोणी आलंय?"

राहुलने आम्हाला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. तिकडे वाईट बातमी पेशंटला देत नाहीत, आधी घरच्यांना सांगतात, हे त्यानेच मागे आम्हाला सांगितलं होतं. आईने माझा हात धरला. राहुलने फोन डॉक्टरांसमोर धरला.

डॉक्टरांनी आम्हाला पाहिलं. आई, बाबा, मी, सोनू, आणि मागे कागद धरून उभे साहू भैया. डॉक्टर सावकाश इंग्रजीत बोलले. "गळा स्वच्छ आहे. काही नाही. आता एक वर्षाने." मग बाणाकडे बोट करून म्हणाले, "हे कोलेस्टेरॉल. तेलकट फार खातो. मी सांगून ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो."

सोनूने आईला हिंदीत सांगितलं, मी मराठीत सांगितलं, तरी आईला ते तिसऱ्यांदा ऐकायचं होतं. बाबा टॉवेल तोंडाला लावून आत निघून गेले आणि लगेच परत आले. मी रडले. साहू भैयांनी त्या मोठ्या कागदाची घडी केली आणि आईच्या पाया पडले, का ते त्यांनाही माहीत नसावं.

इकडे हे चाललेलं असताना राहुल उठला. आमच्याकडे कुठूनही निघताना 'जातो' म्हटलेलं आईला चालत नाही, लहानपणी त्यावरून आम्ही दोघांनी मार खाल्लाय. त्याने डॉक्टरांना हात जोडले आणि चिनीत म्हणाला, "बरं, येतो मी परत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही. यायचं नाही."

टेबलाला टेकलेले सगळे पेशंट एकदम बोलायला लागले. त्या आजीबाईही तिथे होत्या, त्या सगळ्यांत जोरात. राहुल गोंधळून आम्हाला म्हणाला, "आई, दवाखान्यातून निघताना परत येतो म्हनत नाही इथं. ते वाईट समजतात. ते म्हनून राहिले, 'जातो' म्हन."

"जातो?" आईने डोळे पुसले. "आजच्या दिवशी? मी जिवंत असेपर्यंत नाही."

राहुलने चिनीत समजावलं. डॉक्टरांनी मान हलवली, नाही. आजीबाईंनी दाराच्या मधोमध उभं राहून वाट अडवली. म्हणजे 'येतो' म्हटलं तर चीन सोडेना, आणि 'जातो' म्हटलं तर आई सोडेना. राहुल मधल्यामध्ये हात जोडून उभा. बाहेर रांग वाढत होती.

आईने क्षणभर विचार केला. मग फोन सोनूच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"त्याले असं म्हन," ती म्हणाली, "मी येत नाही आन् जातही नाही. डॉक्टरसाहेब, तुम्हीच या आमच्याकडे."

राहुलने ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फोनमध्ये आईकडे पाहिलं. मग इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे हिवाळ्यात थंडी किती असते?"

मी आईला सांगितलं.

आई म्हणाली, "एक स्वेटर पुरते म्हनाव."