सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी

सासू-सासरे सहा महिन्यांसाठी हॅम्बर्गला आमच्याकडे आले आणि तिसऱ्याच आठवड्यात सासूबाई मेंदूत रक्तस्राव होऊन आयसीयूत गेल्या. बेशुद्ध. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे नुसता आतला दाब मोजण्यासाठी कवटीला भोक पाडायचा धोका घ्यायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणून रोज सकाळी त्यांच्या मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी व्हायची. डोळ्यामागच्या नसेभोवती एक आवरण असतं. डोक्यातला दाब वाढला की ते फुगतं. जास्त फुगलं तर स्कॅन, आणि मग कदाचित कवटी उघडायची.

माझ्या नवऱ्याचं आयुष्य गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासण्यात गेलंय. त्याने त्या आवरणाच्या रोजच्या मिलिमीटरचा आलेख काढला. मी ऑफिस, डबे आणि पावसातली ये-जा सांभाळत होते. सासऱ्यांना आम्ही ठरवून एवढंच सांगायचो, "बाबा, डोळे तपासतात. ठीक आहे सगळं." आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला असंच सांगतात.

पाचव्या दिवशी आकडा सहाच्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, वर गेला.

"आज मोजणारी दुसरी आहे," नवरा म्हणाला. "हाताचा फरक असणार."

डॉक्टरने न चिडता पुन्हा मोजलं. आकडा तोच. स्कॅनमध्ये सूज दिसली. ऑपरेशन त्याच दिवशी हवं होतं.

नवऱ्याने पेन काढलं. डॉक्टर म्हणाली, "मुलाची सही चालत नाही. पेशंटच्या पतीची लागते. त्यांना सगळं माहीत आहे ना?"

मीच बाहेर गेले. सासरे बाकावर बसले होते.

"बाबा, आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

"डोळ्यांचं ना?" त्यांनी खिशातून सासूबाईंचा चष्मा काढला. "पाच दिवस डोळे तपासतायत आणि एकानेही हा मागितला नाही. रोज घेऊन येतोय मी."

"मग विचारलं का नाही?"

"तुम्ही दोघं आधीच दमलेले. आता नीट सांग."

डॉक्टर जर्मनमध्ये बोलली, मी मराठीत. जीव जाऊ शकतो, हेही गाळलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमधून त्यांना फोन केला.

"बाबा, पाच पॉइंट दोन."

"आधी किती होता?"

"सहा पॉइंट एक."

"बरं. चष्मा आणू का उद्या?"

"नको. अजून शुद्ध नाही आलेली."

"बरं," ते म्हणाले. "उद्याचाही आकडा सांग."