लाल पेनाने खोडलेलं वाक्य

कासारवाडीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत मी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. खाली गिरणी सुरू झाली की माझा फळा थरथरतो आणि मला ओरडून शिकवावं लागतं. चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून कंपनीतल्या बायकांचा वर्ग गुरुवारी. बहुतेक जणी गाड्यांच्या आतल्या वायरी जोडायच्या कामावर आहेत. उभ्याने आठ तास काम करणाऱ्या बायका सुट्टीच्या दिवशी वही घेऊन येतात, याचं मला कौतुक आहे. तरी मी त्यांच्यावर चिडतेच.

त्या दिवशी 'वॉन्ट' घेतलं होतं. फळ्यावर अर्थ लिहिले: पाहिजे असणं, इच्छा असणं, गरज असणं, एखाद्या गोष्टीची उणीव असणं. कंपनीच्या गेटवर 'हेल्पर वॉन्टेड' लागतं तेही सांगितलं आणि पोलीस ज्याला शोधतात तो वॉन्टेडही सांगितला. मग म्हटलं, पाच-पाच वाक्यं करा.

वह्या तपासायला घेतल्या आणि माझं डोकं फिरलं. माझ्या मुलाला मोबाइल पाहिजे. मिस्टरांना चहा पाहिजे. सासूबाईंना गावी जायचंय. सुपरवायझरला जास्त माल पाहिजे. एका वहीत तर चक्क मांजरीला दूध पाहिजे होतं. 'आय'ने सुरू होणारं वाक्य शोधून सापडेना.

"अगं, तुम्हाला स्वतःला काहीच नको का?" मी ओरडले.

सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "आमाला काय मॅडम, काय बी चालतंय."

हे 'चालतंय' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पंख्याखाली बसायचंय का? चालतंय. वर्ग अर्धा तास उशिरा घेऊ? चालतंय. या बायकांना एखादी गोष्ट चालत नाही असं कधी होतच नाही.

शेवटची वही नांदेडकडच्या बाईची होती. नऊ वर्षं एकाच कंपनीत, एकाच लाइनवर, कंत्राटी. तिने एकच वाक्य लिहिलं होतं: 'आय वॉन्ट टू बी लाइन लीडर.' तिच्या लाइनची लीडर नोकरी सोडून चालली होती. ती जागा मिळाली असती तर बाई कायम झाली असती. दर काही महिन्यांनी आपलं नाव कंत्राटाच्या नव्या यादीत आहे की नाही हे बघायला तिला जावं लागलं नसतं. मंगळवारी मुलाखत होती.

खरं तर मी तिला वर्गासमोर उभं करून टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी लाल पेन काढलं आणि 'वॉन्ट' खोडलं.

"साहेबांसमोर असं बोलतात का? उद्धट वाटतं ते," मी म्हटलं. "'आय वुड लाइक' म्हणायचं. आणि शेवटी 'इफ पॉसिबल' लावायचं. शक्य असेल तर."

पाच मिनिटांपूर्वी ओरडलेली बाई ती मीच. पण तेव्हा मला माझ्या इंग्रजीचं फार कौतुक वाटत होतं. तिने ते नवं वाक्य चार वेळा म्हणून दाखवलं.

पुढच्या गुरुवारी ती मागच्या बाकावर बसली. तेव्हाच मी ओळखलं. जागा तिच्याहून कितीतरी नंतर लागलेल्या मुलीला मिळाली होती.

"इंग्रजी अडलं का?" मी विचारलं.

"इंग्रजी कुठलं, मॅडम. साहेबांनी मराठीतच इचारलं, तुम्हाला हे काम पाहिजे का म्हनून."

"मग?"

"मी म्हनलं, जमत असंल तर बघा साहेब. नाहीतर तुमी म्हनाल तसं." ती पुढे म्हणाली, "त्या पोरीनं सांगितलं, पाहिजे."

"अगं मग तूही 'पाहिजे' म्हणायचं ना! नऊ वर्षं काढलीस तिथे! कशाला लाजायचं एवढं?" मी अक्षरशः तिच्या अंगावर गेले.

तिने शांतपणे वही उघडून माझ्यासमोर ठेवली. "तुमीच खोडलं व्हतं ना, मॅडम?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

का खोडलं होतं मी? हे कुठल्या इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं म्हणून नव्हे. चऱ्होलीत आमच्या घराला रस्त्यालगत एक मोठी खोली आहे. तिथे माझा वर्ग छान झाला असता. दोन वर्षांपूर्वी दिरांनी ती एका प्लॉट विकणाऱ्या एजंटाला ऑफिससाठी द्यायची ठरवली. सासूबाईंनी मला विचारलं होतं, अगदी मायेने विचारलं होतं, "तुला नगं ना गं ती खोली?" मी म्हटलं, "नको आई, देऊ दे. चालेल." म्हणून मी आज गिरणीवर बसून ओरडते. मला स्वतःला जे कधी म्हणता आलं नाही ते तिने सरळ वहीत लिहिलं होतं, आणि मला ते उद्धट वाटलं.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "ते वाक्य परत लिही. होतं तसंच."

तिने खाली मान घालून, एकेक अक्षर गिरवत ते लिहिलं. मग वही माझ्याकडे सरकवली, माझ्या हातातल्या लाल पेनाकडे बघितलं आणि विचारलं, "आता चालंल का, मॅडम?"

वाक्य अगदी बरोबर होतं. जागा परवाच भरली होती.