वरची खोली कुणाला द्यायची, ते मी ठरवलं

मंडळी, आज शहाद्यातल्या आमच्या घराची वरची खोली भाड्याने दिली आणि शेजारच्या काकांशी वाजलं.

भाडेकरू धडगावकडच्या डोंगरातली पावरा आदिवासी मुलगी, दवाखान्यात नर्स आहे. काका तिच्यासमोरच म्हणाले, "पहाडनी पोरले घर देशी? गल्लीमा लोके काय म्हनतीन?"

ती उठायला लागली. मी तिला बसवलं, तिच्या जुन्या घरमालकीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मन्हं आपरेशन झायं तवय तिनीच डबा करा," त्या म्हणाल्या. "पोऱ्या मले पुनाले ली जाई ऱ्हायना, नहीं ते तिले सोडती नहीं." मुलगा त्यांना पुण्याला नेतोय, म्हणूनच हिला ती खोली सोडावी लागली होती.

काका उठून गेले. मी करारावर सही केली. पोलीस ठाण्यात तिची माहिती द्यायला उद्या आम्ही दोघी जाणार आहोत.

काका बोलणार नसतील तर न बोलोत. तुम्ही भाडेकरूची चौकशी कुणाकडे करता, त्याच्या जुन्या घरमालकाकडे की गल्लीकडे?