बाजाराची जागा

आमच्या गावचा आठवडी बाजार हायवेच्या कडेला भरायचा. शहागडकडून येणारे ट्रक भाजीच्या पाट्यांना घासून जायचे. एकदा एका बाईच्या वांग्यांवरून चाक गेलं. बाई वाचली, पण माझ्या मनातून ते जाईना.

मी सरपंच झाले ती महिला आरक्षणामुळे. ग्रामपंचायतीतल्या खुर्चीत बहुतेक वेळा हेच बसायचे. बाजाराचा ठराव मात्र ग्रामसभेत मी स्वतः उभी राहून मांडला. शाळेमागची जागा ग्रामपंचायतीची, गावाच्या नकाशात बाजारासाठीच राखलेली. भराभर हात वर झाले.

अडचण एकच होती. त्या जागेत आमच्याच घरच्या म्हशी बांधलेल्या असायच्या. कडब्याची गंजी, उकिरडा, सगळं आमचं. घरी विषय काढला तेव्हा दीर म्हणाले, "वैनी, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. बाजाराच्या आधी जागा मोकळी करून देतो." ह्यांनीही मान हलवली. पुढचा बाजार शाळेमागं भरणार, असं मी मंदिराच्या भोंग्यावरून गावाला कळवून टाकलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर म्हशी जागच्या जागी. उलट ट्रॉलीभर शेण नव्याने ओतलेलं. पाट्या डोक्यावर घेऊन बायका ताटकळत उभ्या होत्या आणि त्यांच्यात माझी आई होती. ती शेजारच्या गावाहून भाजी विकायला यायची. त्या दिवशी लेकीचा बाजार म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

बाहेरगावच्या एका बाईनं नेमकं आईलाच विचारलं, "कुणाच्या म्हशी हायेत हो मावशी?"

आईनं लुगड्याचा पदर पुढं ओढला. मागून कुणीतरी म्हणालं, "सरपंचाच्याच की!" दोघीतिघी हसल्या. मान वर करून बघण्याची हिंमत होईना.

आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, घरी कुणाला काही बोलू नको. तुला तिथं नांदायचंय. आम्ही बसतो रस्त्यावर, आम्हाला सवय हाय." तिनं पाटी सावरली आणि हायवेकडं चालू लागली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी जवळच्या म्हशीचं दावं सोडलं. तोवर दीर धावत आले. "वैनी, हे काय करून राह्यल्या? घरची इज्जत हाय का न्हाई?"

"तीच गेली भाऊजी, सगळ्यांसमोर," मी म्हणाले. पुढची गाठ सुटेना. तेवढ्यात हे आले. त्यांनी माझ्या हातातलं दावं घेतलं आणि म्हशी घराकडं नेल्या. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

मोकळ्या झालेल्या तुकड्यावर बायकांनी पोती अंथरली. आईला बोलवायला मी रस्त्यापर्यंत गेले, तर ती गिऱ्हाइकाला मेथी देत होती. "आज राहू दे," म्हणाली.

आता बाजार शाळेमागंच भरतो. उकिरडा मात्र कोपऱ्यात तसाच आहे. तो हलवणं मला अजून जमलेलं नाही. त्या बाजूला कुणी बसत नाही. दीर माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आई मात्र आमच्या बाजाराला येत नाही, वडीगोद्रीच्या बाजाराला जाते. फोनवर विचारलं तर म्हणते, "तिकडं गिऱ्हाईक चांगलं हाय, बाई."